बापूनं दिलेले डाग

सव्वा महिना झाला बापूला जाऊन. त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी हर्सूलच्या घरी गहू निवडत बसले होते. "आत्या, बापू गेले," एवढंच तो बोलला. मला रडू आलं नाही. हात आपसूक मानेमागं गेला. तिथं माझ्या या थोरल्या भावानं पंचावन्न वर्षांपूर्वी तापल्या लोखंडाचे दोन डाग दिले होते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी खरं बोलणार आहे.

पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या साली जन्मलेला बापू अंगानं थोराड आणि डोक्यानं भडक. आमची मेंढरं पडेगावच्या माळावर चरायची. चौदा वर्षांची असताना मी तिथंच पहिल्यांदा फिट येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात रक्त होतं आणि पुढचा दात नव्हता... दातखीळ सोडवायला बापूनं कुऱ्हाडीचा दांडा घातला होता. महिन्याभरात आणखी दोनदा पडले. शेजारच्या वस्तीवरचा एक जण "पोरगी झपाटली" म्हणून हसला, तर बापूनं त्याला काठीनं असं फोडून काढलं की तो आठवडाभर अंथरुणातून उठला नाही. आई म्हणाली, बाहेरचं असंल, देवऋषाकडं नेऊ. बापूनं ऐकलं नाही. एखादी मेंढी जागच्या जागी गरगर फिरून पडायला लागली की आम्ही तिला सळई तापवून डाग द्यायचो. काही मेंढ्या जगायच्या. "हिचंबी तसंच हाय," तो म्हणाला. "मेंढराला गुण येतो, मग हिला का नाय येणार?"

दोघा चुलत्यांनी माझे हातपाय दाबले, बापूनं पाठीत गुडघा रोवला. केस जळल्याचा वास आधी आला, मग मी ओरडले... तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, त्याच्या मनगटाचा लचका तोडला. पुढचे वीस दिवस मी पडले नाही आणि हा गडी वस्तीभर मिरवला! एकविसाव्या दिवशी पुन्हा पडले. त्यानं पुन्हा चुलीत सळई तापवली. दुसरा डाग बसला तशी मी हिसडा मारून सुटले, त्याच्या हातातली सळई ओढली आणि त्याच्याच गालावर हाणली. मला त्याला मारूनच टाकायचं होतं, खोटं कशाला सांगू?

गाल सोललेल्या बापूनं ती सळई उचलून लांब फेकली. मग मला खांद्यावर टाकून शहरातल्या दवाखान्यापर्यंत चालत गेला. डॉक्टरांनी माझी मान पाहिली. "ये किसने किया?"

"म्या," बापू म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या कानाखाली सणसणीत वाजवली. उभ्या जन्मात कुणाचा शब्द ऐकून न घेतलेला माणूस खाली मान घालून म्हणाला, "अजून मारा साहेब. लई मारा. पर हिला बरी करा."

गोळ्या सुरू झाल्या आणि दोनेक वर्षांत फिट थांबल्या. मी शिकले, नोकरी केली, संसार केला. बापूनं माफी कधी मागितली नाही, मीही दिली नाही. त्याच्याशी जन्मभर तुसड्यासारखीच बोलले. त्यानं मला जाळलं होतं आणि त्यानंच मला वाचवलं होतं... या दोन्ही गोष्टींची मोट बांधणं मला कधी जमलंच नाही.

मी त्याच्या घरात पाऊल टाकलं की तो आधी उठून पेटत्या चुलीत पाणी ओतून ती विझवायचा. भाकरी अर्धी कच्ची असली तरी. वहिनी करवादायची, "वन्सं आल्या की आमच्या नशिबी गार चहा!" बापू म्हणायचा, "धूर लागतो तिला." धुराचं मला कधीच काही वाटलं नव्हतं. ते त्यालाही ठाऊक होतं.

दहाव्याला गेले. दारातून आत पाहिलं तर चूल धडधडून पेटलेली, आणि ती विझवायला कुणीच उठलं नाही. मी उंबऱ्यावरच बसले आणि माझ्या भावासाठी पहिल्यांदा रडले.