बायकांचा अर्धा तास

आमच्या रविवारच्या मंडळाचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. बुद्धवंदना होते, चर्चा होते, जेवणं होतात आणि परतताना एमआरटी ट्रेनमध्ये एकमेकींना सांगता सांगता त्यांची भर पडत जाते. सिंगापुरात पंधरा वर्षं काढली. त्यात सगळ्यात जास्त हसले ती क्वीन्सटाउनला, सुनंदाताईंच्या फ्लॅटमध्ये. गेलं वर्षभर मात्र मला एक काळजी होती. चर्चेनंतर आम्ही बायका आतल्या खोलीत दार लावून अर्धा तास बसतो. तो अर्धा तास राहतो की जातो!

* * *

सुरुवात प्रशांतने केली. प्रशांत आमचा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करणारा. पोरगा हुशार, मनाचा चांगला, पण परदेशी कॉन्फरन्सला गेला की येताना एखादा नियम घेऊन येतो. या वेळी ट्रान्सजेंडर हक्क घेऊन आला. हक्कांना कुणाचाच विरोध नव्हता. त्याने दारातच फॉर्म ठेवला: आधी नाव, पुढे 'सर्वनाम', म्हणजे आपल्याला 'तो' म्हणायचं की 'ती'.

वुडलँड्सचे कांबळे काका जहाजावर इंजिनिअर होते, आता निवृत्त. आमच्याकडे दारातल्या फॉर्मवर आजवर फक्त जेवणाचं लिहायचं असायचं. काकांनी चष्मा न लावताच लिहून टाकलं, "बिनसाखरेचं."

प्रशांतने वाचलं आणि गंभीरपणे म्हणाला, "काका, आम्ही याचा आदर करतो!"

* * *

मग एप्रिलमधल्या जयंतीसाठी प्रशांतने लिहिलेलं मंडळाचं निवेदन आलं. दोन पानं. दीड पान लिंगओळखीवर, आणि जात शेवटच्या ओळीत.

काकांनी विचारलं, "अरे, आपण ज्यासाठी जमतो ते कुठंय?"

"काका, ते अध्याहृत आहे."

काका शांतपणे म्हणाले, "गावातही आम्हाला असंच सांगायचे. तुम्ही आहातच, फक्त पुढे येऊ नका!"

त्या दिवशी कुणी हसलं नाही. निवेदन मात्र तसंच गेलं. तोवर मंडळातली तरुण मंडळी प्रशांतच्या बाजूला गेली होती. त्या सगळ्यांना पटलं होतं असं नाही. मागासलेलं दिसायची भीतीच जास्त होती, आणि ते मला त्यांच्यातल्याच दोघांनी ट्रेनमध्ये हळूच सांगितलं.

* * *

सुनंदाताई स्वतः संशोधक. त्यांनी एकदा हात वर करून विचारलं, "बायकांसाठी ठेवलेल्या जागांचं मग काय करायचं?"

प्रशांत म्हणाला, "ताई, हा प्रश्नच दुखावणारा आहे."

"प्रश्न विचारायला बंदी असलेली लॅब मी अजून पाहिली नाही!"

तेवढ्यात सुनंदाताईंची नऊ वर्षांची लेक वैतागून इथल्या इंग्रजीत ओरडली, "मम्मी, जस्ट से येस लाह! देन वी कॅन ईट!"

मला वाटतं, पुरोगामी चळवळीतले बरेच ठराव असेच मंजूर होत असावेत.

* * *

पुढच्याच महिन्यात 'सगळ्यांना सामावून घ्यायचं' म्हणून बायकांची ती अर्ध्या तासाची वेगळी बैठक रद्द झाली. मतदान झालं. रद्द करण्याच्या बाजूने नऊ मतं, त्यातली आठ पुरुषांची!

त्या खोलीत आम्ही काय काय बोललो होतो! एकीची नोकरी, एकीचा नवरा, माझं पाळी जातानाचं रडू. आता तिथे पाच पुरुष मांडी घालून बसायला लागले. "आम्ही फक्त ऐकायला आलोय," म्हणाले. मग आम्ही तूरडाळीवर बोलायला लागलो. मला फार राग यायचा.

तिसऱ्या रविवारी त्यांनी डाळीवरही मतं द्यायला सुरुवात केली!

* * *

आणि मग रेवा आली. नागपूरची, इथे विद्यापीठात संशोधन करते. ती आमच्या मंडळात आलेली पहिली ट्रान्सजेंडर बाई. प्रशांतने दारातच अभिमानाने सांगितलं, "तुमच्यासाठी आम्ही बायकांची वेगळी बैठक बंद केली. आता सगळे एकत्र!"

रेवाचा चेहरा उतरला. "बंद केली? अहो, त्या बैठकीचं ऐकूनच तर मी आले. कुणाला विचारून बंद केलीत?"

सुनंदाताई खीर वाढत होत्या. त्यांनी मान वर केली. "आम्हाला नाही विचारलं. तुलाही नाही, वाटतं." मग म्हणाल्या, "हे बघ, मला अजून सगळं पटलेलं नाही. माझे प्रश्न आहेत."

"मग विचारा ना, ताई. हे लोक मला काहीच विचारत नाहीत. नुसते माना हलवतात!"

सुनंदाताईंनी पळी ठेवली, आतल्या खोलीत गेल्या आणि मांडी घालून बसलेल्या पाचही जणांना म्हणाल्या, "उठा."

आम्ही बायका आत गेलो. रेवाही आली. प्रशांत उंबऱ्यावर घुटमळला. "ताई, मी तुमचा सहयोगी म्हणून..."

"मग भांडी घास," सुनंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.