साम्याचा नैवेद्य

शकुंतलाकाकू पुजारी कुत्र्याला उपास धरायला लावतात, ही बातमी जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये शिरली ती मायाक्काच्या भाजीच्या गाड्यावरून. मायाक्का महत्त्वाचं काही सांगायचं असलं की आधी भोपळ्यावर दोन थापा मारते.

"एकादशी न्हाय, चतुर्थी न्हाय, अन् ह्या रोज रताळी घेत्यात. म्या म्हटलं, घरात एवढं उपासाचं कोण हाय वो? तर म्हणल्या, कुत्र्याला."

ती रताळी दुसऱ्या मजल्यावर चेतनावहिनींकडे पोचेपर्यंत चांगली शिजली. चेतनावहिनी 'खरं सांगू का' म्हटल्याशिवाय खोटंसुद्धा सांगत नाहीत. "खरं सांगू का, पंचांग बघून उपाशी ठेवतात त्याला. यजमान देवळातले होते ना. आता कुत्र्याला मोक्ष द्यायचाय."

यातलं रताळं तेवढं खरं. उपासाचं म्हणाल, तर काकू स्वतःच उपास करत नाहीत. साबुदाण्यानं त्यांना पित्त होतं. शरदकाका होते तोवर दोघांच्या वाटचे उपास तेच करायचे आणि काकू त्यांच्यासमोर बसून भाकरी-पिठलं खायच्या. अशी बाई कुत्र्याला कशाला उपाशी ठेवील?

काकूंची सगळी नोकरी एका शाळेच्या ऑफिसात गेली. दाखला न्यायला आलेल्या पालकाला त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "अर्ज? सही? तारीख?" एवढ्या तीन शब्दांत भलेभले पालक परत घरी जात. शरदकाका त्यांच्या अगदी उलट. पेठेतल्या एका लहानशा दत्ताच्या देवळात त्यांची पूजा असायची, आणि तिथे येणाऱ्याला सही-तारीख काही लागत नसे. देवळामागे एक कुत्री व्याली. पिल्लं चार. दत्तापुढची चार कुत्री म्हणजे चार वेद, म्हणून काकांनी लगेच नावं ठेवली: ऋक, यजु, साम आणि अथर्व. तिघं कुणी कुणी नेली. साम उपरण्यात गुंडाळून घरी आला आणि आठवड्यात त्याचा साम्या झाला.

काका रोज घरच्या देवांना चांदीच्या वाटीतून दूधसाखरेचा नैवेद्य दाखवत. मग त्यातलं थोडं तळहातावर घेत आणि हाक मारत, "साम्याऽऽ, ये बाळा, देवाचं झालं." साम्या जिथे असेल तिथून यायचा, पाटासमोर बसायचा आणि तळहात चाटून स्वच्छ करायचा. "दत्ताच्या दारातून कुत्र्याला रिकामं परत पाठवायचं नसतं," हा काकांचा एकुलता एक नियम. दोन वर्षांपूर्वी काका गेले. सुतक फिटल्यावर पहिल्या पूजेला साम्या नेहमीच्या वेळी पाटासमोर येऊन बसला. काकूंना काकांसारखी हाक काही मारता येईना. त्यांनी नुसता तळहात पुढे केला.

आणि यंदाच्या उन्हाळ्यात साम्याला खाज सुटली.

आधी पंजे चाटायचा. मग कान कपाटाच्या कोपऱ्यावर घासायला लागला. पोट लालबुंद झालं, कानामागचे केस गेले, तिथून पाणी यायला लागलं. रात्री त्याच्या नखांचा फरशीवर आवाज चालायचा, खर्र खर्र खर्र, आणि मध्येच एक बारीक कण्हणं. काकू अंधारात उठून त्याच्या मानेवर हात ठेवून बसायच्या. हात असेपर्यंत तो थांबायचा.

उपाय सांगायला सोलापुरात पैसे पडत नाहीत. कुणी कडुनिंबाचा पाला सांगितला, कुणी खोबरेल तेलात गंधक. रिक्षावाला मल्लेश तर बाटलीच घेऊन आला. "काकू, गाडीचं जळकं ऑइल हाय. एक डाव चोपडा. खाज गेली न्हाय तर नाव सांगणार न्हाय."

"गाडीचं ऑइल गाडीला लाव," काकू म्हणाल्या. "आणि आता आलाच आहेस रिक्षा घेऊन, तर आम्हाला दवाखान्यात सोड."

दवाखाना डॉक्टर धम्मप्रिया बनसोड्यांचा. त्या तरुण आहेत, भरभर बोलतात, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओके?' विचारून उत्तराची वाट बघत नाहीत. त्यांनी साम्याचे कान पाहिले, बारीक कंगवा फिरवून पिसवा शोधल्या, कातडी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पिसवा नव्हत्या. खरजेचे किडेही नव्हते. कानात जंतू झाले होते, त्याचं औषध दिलं.

"पण औषधानं वरवरचं बरं होईल, काकू. खाज येते कुठून ते शोधायचंय. मला वाटतं, खाण्यातलं काहीतरी सोसत नाहीये. काय काय खातो?"

"आमचंच. भाकरी, पोळी, दहीभात, वरण, दूध."

"मग आता हे सगळं बंद. त्यानं जन्मात खाल्लं नाही असं काहीतरी द्यायचं, आणि दोन महिने तेवढंच. मासे चालतील?"

काकूंनी मांडीवरची पर्स जवळ ओढली. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कपाळावरच्या अंगाऱ्याकडे पाहिलं, पर्समधून डोकावणाऱ्या जपमाळेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. तुमच्या घरात कधीच शिजत नाही अशी डाळ कोणती?"

"मसूर. देवाला चालत नाही, म्हणून आमच्यात येत नाही."

"आता येईल. मसूर आणि रताळं. बिनमिठाचं. दुसरं काहीही खाणं नाही. बिस्कीट नाही, पोळीचा तुकडा नाही. ओके?"

नियम म्हटल्यावर काकू फुलल्या. घरात वेगळं पातेलं आलं, वेगळी पळी आली. खालच्या मुलांना जिन्यात उभं करून तंबी मिळाली. "बिस्कीट? चॉकलेट? कुरकुरे?" त्यांनी तीन शब्दांत विचारलं आणि तिन्ही वस्तू खिशात परत गेल्या. मसूर खरेदीला तर त्या आपल्या वाण्याकडे गेल्याच नाहीत. दोन गल्ल्या सोडून अनोळखी दुकानात गेल्या आणि पिशवी पदराखालून घरी आणली.

श्रावण संपला. साम्याची खाज कमी झाली, पण गेली नाही. कान परत लाल झाले.

एका रात्री नखांचा आवाज सुरू झाला तसा मुलगा देवदत्त उठून बाहेर आला. तो बँकेत आहे. बापाचा मऊपणा आणि आईचा चष्मा, दोन्ही त्याला मिळालंय.

"आई, मी काय त्याचा वैरी आहे का? पण बघवत नाही गं. माझ्या मित्राचं, सोमेशचं, वळसंगला शेत आहे. मोकळं रान, झाडाची सावली. तिथे बरा राहील."

"रानात खाज सुटत नाही का रे?"

"खालच्या लोकांच्या तक्रारी येतायत. वास येतो म्हणतात."

"तुझ्या लहानपणी तुझाही यायचा."

देवदत्त हसला, पण हलला नाही. "दिवाळीपर्यंत बघू. नाहीच थांबलं तर सोमेशला गाडी घेऊन यायला सांगतो. आई, त्याचे हाल होतायत."

हाल होतायत, हे काकूंना कळत होतं. त्यांनी उठून साम्याच्या मानेवर हात ठेवला. साम्या काकांच्या जुन्या धोतराच्या घडीवर झोपतो. वळसंगला त्याला सावली मिळाली असती. धोतराची घडी कुणी घातली असती?

पितृपक्षाच्या जरा आधी वेळापूरहून फोन आला. काकांचे चुलतभाऊ महिपतीभाऊजी गेले. घरात दहा दिवसांचं सुतक. काकूंनी देव्हाऱ्याचं दार लोटलं, पूजा बंद, नैवेद्य बंद. साम्या सकाळी पाटासमोर येऊन बसे, बंद दाराकडे बघे आणि काकूंकडे बघे. "सुतक आहे बाबा," त्या म्हणत. तो पुढचे पाय पसरून तिथेच पडून राही.

पाचसहा दिवसांनी काकू रात्री मध्येच जाग्या झाल्या. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बराच वेळ पडून ऐकल्यावर लक्षात आलं, आवाज नाही. त्या दिवा न लावता उठल्या. साम्या धोतरावर उताणा, चारही पाय वर, घोरत होता. सुतक फिटेपर्यंत पोटाचा लाल रंग उतरला आणि कानामागे मऊ लव आली.

सुतक फिटलं. देवांना स्नान झालं, पूजा झाली, चांदीची वाटी निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साम्यानं कपाटाच्या कोपऱ्याला कान लावला. खर्र, खर्र.

काकूंचा पहिला संशय थेट देवावरच गेला. देव बंद होते तेव्हा बरं, उघडले की खाज. त्यांनी दत्ताच्या तसबिरीकडे चष्म्यावरून असं पाहिलं, की देवानं सही-तारीख दाखवावी. दत्त महाराज गप्प. पायाशी चार कुत्री, चारही निरोगी.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. साम्या येऊन बसला. काकूंनी तळहात पुढे केला, त्याची ऊन ऊन जीभ हातावर फिरली, आणि काकूंचा हात तसाच राहिला. दूध. दहीभात बंद केला, ताक बंद केलं, चहाची बशीसुद्धा उचलून ठेवली, आणि रोज सकाळी मीच स्वतःच्या हातानं दूध देत आले. पण ते दूध आहे असं कधी मनातच आलं नाही. तो प्रसाद होता. प्रसादाला खाणं कोण म्हणतं?

त्यांनी लगेच फोन लावला. "डॉक्टर, मी तुमच्याशी खोटं बोलले."

सगळं ऐकून डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. "खोटं कसलं काकू? मी खाणं विचारलं, प्रसाद विचारलाच नाही. आमची आई शुगरची पेशंट. बुद्धपौर्णिमेला दोन वाट्या खीर खाते आणि म्हणते, ती काय जेवणात धरतात होय? बरं, सापडलं आता. दुधाचं काही म्हणजे काही नको, बोटभरसुद्धा. ओके?"

ओके म्हणायला त्यांना काय जातं? दुसऱ्या दिवशी काकूंनी साम्याला बाहेरच्या खोलीत ठेवून दार लावलं आणि पूजा आटोपली. दाराबाहेर तो भुंकला नाही, ओरबाडलं नाही. नुसता बसून राहिला. काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यानं त्यांचा कोरडा तळहात हुंगला आणि शेपटी हलवली. त्या दिवशी काकूंचा चहा गार झाला.

मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. विरजण मागायला गेले होते, तेव्हा हे सगळं ऐकलं आणि नको तिथे तोंड उघडलं. "काकू, एकतर ह्याला प्रसाद मिळेल, नाहीतर ह्याची खाज थांबेल. दोन्ही एकदम जमायचं नाही."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि जमवलं तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते. नाही जमलं, तर पुढच्या वर्षीच्या कोजागिरीला गच्चीवर मी सगळ्यांसमोर तुमची नक्कल करणार. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं."

"मुदत?"

"देवदत्तदादाचीच. दिवाळी."

"ठीक," काकू म्हणाल्या, आणि विरजण द्यायचं विसरल्या.

पुढे काय केलं त्यांनी? कुणाला विचारलं नाही, पोथी उघडली नाही. रताळं उपासाला चालतं, म्हणजे देवाला चालतंच. मग देवानं रोज दूधसाखरच खावी असं कुणी लिहून दिलंय? साम्याच्या पातेल्यातली मसूर स्वयंपाकघरातच राहिली. उकडलेल्या रताळ्याची एक फोड मात्र त्यांनी आधीच बाजूला काढली, चांदीच्या वाटीत ठेवली, वर तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि हात जोडले. "आता काही दिवस हेच," त्यांनी तसबिरीला सांगितलं. "घरात एक आजारी आहे."

मग फोड तळहातावर घेतली. साम्यानं ती खाल्ली, आणि तळहात नेहमीसारखा चाटून स्वच्छ केला.

म्हणून रोजची रताळी. म्हणून मायाक्काचा भोपळा आणि चेतनावहिनींचा मोक्ष. काकूंनी त्यांचं काही मनावर घेतलं नाही, आणि खरं काय तेही सांगत बसल्या नाहीत.

दिवाळीत सोमेश आला, गाडी घेऊनच. शेंगांचं पोतं टाकायला आला होता. साम्या त्याच्याजवळ गेला, बूट हुंगले आणि जाऊन धोतरावर आडवा झाला. कानामागे काळे तुळतुळीत केस. सोमेश म्हणाला, "हेच का ते खाजरं? लई झ्याक दिसतंय की." देवदत्तनं वळसंगचा विषय काढलाच नाही. तो खाली जाऊन मायाक्काकडून रताळी घेऊन आला. निवडून, किडकी बाजूला काढून.

पाडव्याला काकूंनी मला बोलावून घेतलं. पूजा नुकतीच झाली होती. वाटीत फोड तयार होती.

"हरलीस ना?"

"हरले."

"मग एक काम कर." त्यांनी फोड माझ्या तळहातावर ठेवली. "यांची हाक मार त्याला. यांच्या आवाजात. एकदाच."

मी चेतनावहिनींची नक्कल झोपेतसुद्धा करीन. शरदकाकांची कधी केली नव्हती. पण काका होते तोवर रोज सकाळी ती हाक समोरच्या दारातून माझ्या घरी येत होती. मी पाटाशी बसले, घसा साफ केला. "साम्याऽऽ, ये बाळा, देवाचं झालं."

आतल्या खोलीत नखं वाजली. साम्या धावत आला, उंबऱ्यात थबकला, कान टवकारून त्यानं मला पाहिलं, काकूंना पाहिलं. मग सावकाश येऊन पाटासमोर बसला आणि माझ्या हातावरची फोड खाल्ली.

काकू बराच वेळ वाटी पुसत होत्या. पुसून झाल्यावर चष्मा पुसला.

"हाक जरा वर गेली," त्या म्हणाल्या. "हे खालून घ्यायचे."