नानांनी केलेला बाप

एसटीत नानांनी नुसतं ‘एक पाटोदा’ म्हटलं, तरी पुढच्या बाकांवरच्या माना मागे वळायच्या. चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता, आवाज मात्र घराघरातला. रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाचे ते निवेदक आणि आमच्या हौशी नाटक मंडळीचे सर्वांत जुने नट. नव्वदी ओलांडून गेल्या वर्षी गेले.

मूळचे शिरूर कासारकडचे, मेंढपाळाच्या घरातले. डोंगरावर मेंढरांना हाका घालतच तो आवाज घडलेला. पण माईकसमोर ते इतकं हळू बोलत, की शेजारी बसून कानात सांगताहेत असं वाटावं. मी त्यांच्याकडे निवेदन शिकायला गेले आणि पहिल्याच दिवशी तारस्वर लावला.

“कावून वरडायलीस गं?” नाना म्हणाले. “समोर एकच बाई हाय. भाकर थापायली. तिच्यासंगं बोल.”

ती बाई त्यांना खरंच दिसायची. ऊसतोडीच्या हंगामात तर ते फडावरच्या बायकांची, नाव न घेता, चौकशीच करायचे: पोर खोकतंय का, पाय भेगाळलेत का. मी काचेपलीकडून बघत राही. समोर नुसती भिंत, आणि नाना उत्तरासाठी क्षणभर थांबलेले!

सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला रडू आवरेना. मी बसवत असलेल्या पुढच्या नाटकात त्यांना बापाचं काम होतं. लेकीला ऊसतोडीला धाडणारा बाप, शेवटी मोठं भाषण.

“भाषण काढून टाक,” नाना म्हणाले. “मला न्हाई काढायचं.”

“पण आवाजाशिवाय कसं हो, नाना?”

“जनावर बोलतंय का? तरी त्याचं दुखणं कळतंयच की आपल्याला. आवाज जाईल. मी हायच की.”

ऑपरेशन झालं. आवाज गेला. काही महिन्यांनी गळ्याभोवती उपरणं गुंडाळून नाना पाटोद्याच्या रंगमंचावर उभे राहिले. मी विंगेत होते.

लेक निघाली. नानांनी तिचं गाठोडं उचलून वजन बघितलं. खाली ठेवलं, सोडलं. आतला कोयता काढून धारेवरून अंगठा फिरवला, फडक्यात नीट गुंडाळला आणि पोरीच्या हाताला लागू नये असा पार तळाशी ठेवला. मग गाठ मारायला घेतली. ती गाठ त्यांना मारवेना. मारायचे, सोडायचे.

तेवढ्यात मंडपातल्या बायकांच्या गर्दीतून एक उन्हानं रापलेली बाई उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “द्या बा इकडं. येते मी.”

नानांनी मान वर केली. नाटकातल्या लेकीला तिथंच ठेवून ते रंगमंचाच्या कडेपर्यंत आले आणि हात त्या बाईच्या दिशेनं उचलून उभे राहिले. ती खाली बसेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.