घराचं मस्तक

माझ्या धाकट्या भावाला सगळे फिटर म्हणतात. पंपाच्या कारखान्यात होता तेव्हापासूनचं नाव. कारखाना बंद पडला, नाव राहिलं. त्याची बायको शहरात बस चालवते. म्हणजे कमावते ती आणि रांधतो हा. आणि साधंसुधं रांधत नाही हं! भांडी अशी लख्ख की तोंड बघून घ्यावं. सहा वर्षं घर एकट्यानं सांभाळलंय. मला त्याचं भारी कौतुक. पण त्यालाच त्याची मेली लाज! शेजारी आले की हातातला झाडू दाराआड. कुणी विचारलं की, "छोटी-मोठी कामं घेतो घरी बसून."

मग चर्चमध्ये मंडळीचे वडील म्हणून त्याचं नाव निघालं. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, खालोखाल मान तो. त्याआधी पाळक घरी येऊन बघतात, माणूस घर कसं सांभाळतो ते. अहो, याच्याइतकं घर सांभाळणारा अख्ख्या मंडळीत शोधून सापडला नसता. सरळ सांगायचं ना! पण नाही. हा बायकोच्या मागे लागला, "नवरा घराचं मस्तक, असं शिकवतात तिथं. मी ओट्यापाशी दिसलो तर काय राहील माझं? तासाभराचा तर प्रश्न आहे. तू फक्त चहा कर."

"साखरेचा डबा तरी माहितीये का मला?" ती हसली. पण त्याचा चेहरा बघून तयार झाली. पाळक यायचे त्या दिवशी ती ड्युटीवरून आली, कपडे बदलले आणि स्वतःच्याच घरात परक्यासारखी एकेक डबा उघडून बघायला लागली. मलाही त्यानं सोबतीला बोलावून ठेवलं होतं.

पाळक आले. इस्त्रीचा शर्ट, पायावर पाय, आमचा फिटर खुर्चीत असा बसला की जणू उभ्या जन्मात कप विसळला नाही. भावजय पडद्याआडून डोकवायची, हा डोळ्यांनीच वरची फळी दाखवायचा. मला हसू आवरेना. "घरातलं मला काही बघावंच लागत नाही," तो पाळकांना सांगत होता. "सगळं हीच बघते."

तेवढ्यात आत भांडं पडलं आणि ती जोरात किंचाळली.

त्या चहाच्या भांड्याचा दांडा सैल आहे. फडकं घेऊन खालून धरावं लागतं. हे घरात एकालाच माहीत होतं, आणि तो खुर्चीत बसला होता. तो अर्धवट उठला. पाळकही उठायला लागले. तसा हा परत खाली बसला आणि म्हणाला, "बसा, बसा. किरकोळ चटका असेल. बायकांचं चालायचंच."

मी आत धावले. तिनं उजवा हात नळाखाली धरला होता, मनगटापर्यंत लालबुंद. "ताई, तो येतोय ना?" तिनं विचारलं. "येतोय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? बाहेर त्याचं बोलणं थांबलंसुद्धा नव्हतं. चहा मीच केला, मीच नेला. घोट घेऊन पाळक म्हणाले, "घरच्या बाईंच्या हाताला चव आहे." हा चक्क "हो, हो" म्हणाला. शरमेनं माझी मान खाली गेली.

पाळक गेले तसा हा मलम घेऊन आत आला. "मला हाक का नाही मारलीस?"

"ओरडले होते की," ती म्हणाली.

त्यानं मलम लावून पट्टी बांधली. त्या हातानं स्टिअरिंग धरवेना म्हणून डेपोनं तिला घरी बसवलं. हा तिला भरवायचा, तिची वेणी घालायचा, पण तिच्या नजरेला नजर देत नव्हता. मला मात्र दोनदा म्हणाला, "ताई, मी नाव मागे घेतो. का ते सगळ्यांसमोर सांगतो."

"मग सांग की! कुणी तोंड धरलंय का तुझं?" मी म्हटलं.

रविवारी चर्चमध्ये त्याला वडील नेमायचं होतं. पाळकांनी दोघांना पुढे बोलावलं. पट्टी बघून पहिल्या बाकावरच्या एका बाईनं विचारलंच. "चहा करताना भाजलं," भावजय म्हणाली.

"अगं बाई! इतक्या वर्षांत चहा जमेना होय?"

सगळे हसले. तीही कसनुसं हसली आणि तिनं हात मागे लपवला.

फिटरचा चेहरा पडला. "मी लायक नाही," तो म्हणाला. "मला हा मान देऊ नका. मी त्या दिवशी..."

तिनं झटकन वर पाहिलं. मीही बाकाच्या कडेला सरकले. म्हटलं, बोल बाबा, एकदाचं बोल!

"बघा!" पाळक गहिवरले. "किती ही नम्रता! असाच माणूस हवा आपल्याला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकांनी त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून प्रार्थना सुरू केली. आता थांबवेल, आता थांबवेल, म्हणून मी बघत होते. त्यानं डोळे मिटून घेतले.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. त्यानंही म्हटलं. ती मात्र त्याच्याकडेच बघत उभी राहिली, अजून काही बोलतोय का म्हणून.