डोक्यातला करंट मोजणारी बाई

कासाच्या दवाखान्यात ती डॉक्टरीणबाई येते ना, तिला जगातल्या सगळ्यांचे हात ओळखता येतात, चेहरा एकाचाही नाही. बाजारात मी चारदा समोरून गेलो, बाई ढिम्म. पाचव्यांदा मागून येणाऱ्या बायकोचा थरथरता हात दिसला, तशी भाजीचा ढीग ओलांडून आली. "अहो, गंजाडच्या आजी ना तुम्ही!" एकदा जीपवाल्याने तिला चढायला हात दिला, तर हिने तो धरूनच ठेवला. "दादा, चहा कमी करा." जीप तशीच उभी. ज्यांचे हातपाय कापतात त्यांच्या डोक्यातला करंट ती कागदावर उतरवते. तारांची टोपी घालायची, डोळे मिटायचे, मग बोटं हलवायची. पहिल्या दिवशी आमच्या सगळ्या म्हाताऱ्या, दवाखान्यात जायचं म्हणून, डोक्याला तेल चोपडून आल्या. तेलावर तार चिकटत नाही. दुसरी कोणी ओरडली असती. हिने ओढणी कमरेला खोचली, बादली मागवली आणि एकेकीचं डोकं स्वतः धुतलं.

आजारी माणसाच्या कागदाला त्याच घरातल्या, त्याच वयाच्या धडधाकट माणसाचा कागद जोडीला लागतो म्हणे. बाई माझ्या मागे लागली. मी म्हटलं, माझ्या डोक्यातलं मी कोणाला दाखवणार नाही. बायको म्हणाली, "बाई, सोडा त्यांना. आत काही असेल तर कागदावर येईल ना!" सगळे हसले. मी रागाने बाहेर येऊन बसलो.

होळीनंतर बायको तापाने गेली. बाई घरी आली. समजूत घातली नाही, काही नाही. ओट्यावर बसून सरळ म्हणाली, "बाबा, जोडीचा कागद नसेल तर आजींचा बाजूला काढावा लागेल." असं बोलणारी माणसं मला आवडतात. पण बाजूला काढायचा म्हणजे? टोपी घालून, मान न हलवता दोन तास बसली होती बायको, ते फुकट? दुसऱ्याच दिवशी कासाला गेलो.

माझ्या डोक्यावर टोपी चढवून बाई म्हणाली, "आता काही आठवू नका."

"ते जमणार नाही. यंत्र बिघडलं तर मला बोलू नका."

"बिघडू दे, बाबा."

आता दोघांचे कागद एकाच पाकिटात घालून तिने मुंबईला नेलेत. त्यातून काय कळतं, मला ठाऊक नाही. बायकोला मी कधी कुठे नेलं नाही, चारोटीच्या पुढे ती गेली नव्हती. दुपारी जेवताना वाटतं, पोचलो असू आता दोघं.