रंग खाली ठेवणाऱ्या मेश्राम बाई

मेश्राम बाई रंगीत दारू तशीच मशीनले कधी पाजत नव्हत्या. पयले काचेच्या भांड्यात तापवत, वाफ थंड करून पाण्यासारखी दारू काढत. रंग खाली राहे. मंग सुईनं थेंबभर मशीनात. आतला गॅस थेंबाले पुढं ढकले अन् कागदावर पेन डोंगर काढे. विषारी स्पिरिटचा डोंगर पयले, साध्या दारूचा मागून.

बालाघाटच्या त्या सरकारी लॅबमधी मी चपराशी. गॅसची मशीन आली म्हणून पयल्या दिवशी मी चहा ठेवाचं गंज घेऊन गेलतो. बाई हसल्या नाही. म्हणे, "भाऊ, याच्यावर चहा नाही होत. याच्या कागदानं कोणी जेलात जाते, कोणी घरी."

मंग परसवाड्याच्या बाजारात संतरा रंगाची दारू पेऊन एकाचे डोळे गेले. दुकान माझ्या साळ्याचं, गेंदलालचं. पोलिसांनी त्याले उचललं, बाटली आमच्या लॅबमधी आली. घरवालीनं मले ताट वाढलं नाही, म्हणे भावाले सोडवा. तिले वाटे मशीन मीच चालवतो. वाटनच, मीच तसं सांगत होतो.

बाई नागपूरले गेलत्या. लॅबच्या साहेबाले घाई, त्यानं दारू रंगासकट टाकली. विषाचा डोंगर आला. बाईनं आल्या आल्या मशीनात नुसती शुद्ध, विष नसलेली स्पिरिट टाकली. तरी त्याच जागी बारका डोंगर.

"साहेब, रंग आत जळून बसला. आता हे मशीन मागचंच सांगून राह्यलं. हा कागद मी नाही पाठवत."

मी घरी पळत गेलो. गेंदलाल सुटला म्हणून सांगितलं अन् त्याच्याही वाट्याचा भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बाईनं मशीन खोलली, सुई जाते ती काचेची नळी धुतली. शुद्ध स्पिरिट टाकून पाह्यली, बारका डोंगर गेला. मंग त्या बाटलीचा रंग काढून थेंब टाकला. पेन पयल्याच, विषाच्या जागी चढलं. पुन्हा टाकला. पुन्हा चढलं.

म्या म्हटलं, बाई, थोडा रंग राह्यला असन.

त्यायनं रंग काढलेल्या दारूचं काचेचं भांडं माझ्या हातात देल्लं. "कुठं आहे, दाखवा."

मी उजेडात धरून लय वेळ पाह्यलं. नव्हता.

कागदावर सही करून संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. गेंदलाल माझा साळा अन् मले सांगणं जमणार नाही, हे त्यायले माहीत होतं. उभ्याउभ्याच घरवालीले सांगितलं, तुमच्या भावाच्या दारूत विष निघालं.

घरवाली म्हणे, "मशीन खोटं नाही बोलत काय?"

"बोलते. पयले बोललंच. म्हणून त धुतलं."

"अन् तुमचा भाऊ असता त?"

"तरी धुतलं असतं. कागद हाच निघाला असता."

मी बाईले बसाले खाट सरकवली.

बाईनं पाणी मागितलं. घरवाली बराच वेळ तशीच उभी राह्यली. मंग आत गेली अन् घेऊन आली.