शेंदराखालचा हात

शेंदराचा जाड थर सुटून माझ्या पायावर पडला आणि दगडातून हात बाहेर आला. कोपरात वाकलेला, पंजा वर, मनगटभर बांगड्या. मी ओरडले. इतक्या वर्षांत त्या देवीपुढे मी कधी आवाज काढला नव्हता.

धायरीत आमच्या घरामागे हा दगड आहे. आता त्याच्या भोवती सोसायटीचं पार्किंग झालंय. घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की तिला तिथे न्यायचं, देवीला तेल-शेंदूर लावायचा, ओटी भरायची, ही आमची रीत. मान सवाष्णीचा. माझे मालक अजून आहेत, म्हणून मान माझा. त्या दिवशी नातीसाठी गेलो होतो. तिची आई, म्हणजे माझी सून, लांब चपलांपाशी उभी होती. माझा मुलगा गेल्यापासून ती तिथेच उभी राहते. तिला तिथे उभं मीच केलं. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले होते, "आता तू शिवायचं नाहीस."

नात कॉलेजात इतिहास शिकलेली. तिने खाली बसून ओढणीने दगड पुसला.

"आजी, ही देवी नाही. सतीचा दगड आहे."

"काहीतरीच. आमच्या सासूबाई सांगायच्या..."

"त्यांनी शेंदूरच बघितला ना. हा नवऱ्याबरोबर चितेवर गेलेल्या बाईचा हात. वर चंद्र-सूर्य बघ. गावोगावी पडलेत असे. कोणी बघत नाही, कपडे धुतात त्यांच्यावर."

"नाव काय बाईचं?"

"लिहिलेलंच नाही."

मीही तिच्याशेजारी खाली बसले. नवरा मेलेल्या बाईचा दगड, आणि नवरा मेलेल्या बाईने त्याला शिवायचं नाही. हे मी बावीस वर्षं करायला लावलं होतं.

सून तिथूनच म्हणाली, "आई, म्हणजे मीही तेव्हा जळले असते, तर आज माझी ओटी भरली असतीत?"

आवाज चढवला नव्हता तिने.

मी ओटीचं ताट तिच्या दिशेने धरलं. "ये. तू भर."

"दगडाची नाही भरणार." ती चपला न काढताच पुढे आली. खण, नारळ, तांदूळ तिने लेकीच्या ओढणीत घातले. "झालं. उठा आता, हळद लावते. पायातून रक्त येतंय तुमच्या."

तोवर मला पाय दुखतोय हे कळलंच नव्हतं.

शेंदूर पुन्हा लावला नाही. शेजारणी विचारतात, त्यांना जे आहे ते सांगते. दोघींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू देत.

मुलगा गेला तेव्हा सून सव्वीस वर्षांची होती, कडेवर दीड वर्षाची पोर. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. जिवंत आहे.